सात गावांचा कोट

लोककला हा शब्द कुणी सभेत उच्चारला की आजही माझं डोकं उठतं. लोककलेचा त्यात काही दोष नाही. दोष आमच्या ऑफिसचा, आणि त्यात माझा वाटा किती ते मी पुढे सांगणारच आहे, कारण तेवढं झाकून ठेवायचं असेल तर हे लिहिण्यात काही अर्थ नाही.

नव्वदच्या दशकात बेंगळुरूला अशी ऑफिसं बरीच होती. साथीचे रोग कसे टाळावेत हे खेड्यातल्या माणसांना समजावून सांगायचं, असं त्यांचं काम. समजावणारे सगळे शहरातले. पाणी उकळून प्या, हात धुवा, मुलांना लस टोचून घ्या. त्यासाठी बाहेरून निधी यायचा, निधीच्या मागोमाग एखादा पाहुणा यायचा, आणि त्याला दाखवायला आम्ही काहीतरी करून ठेवायचो. भित्तिपत्रकं छापायचो, कॅसेटी काढायचो, रिक्षावर भोंगा बांधून गावोगाव फिरवायचो. भित्तिपत्रकांचे गठ्ठे आरोग्य केंद्रांच्या कपाटांत जसेच्या तसे पडून असत. एका केंद्रात नर्सबाईंनी त्यांवर डाळ वाळत घातलेली मी पाहिली. मी त्यांना काही बोलले नाही. कागद जाड होता, डाळ छान वाळत होती.

मी शिंप्याची मुलगी. चिकपेटच्या मागच्या गल्लीत वर घर आणि खाली वडिलांचं दुकान. वडिलांना आम्ही अण्णाच म्हणायचो. आमचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं असं सांगतात. पुरावा काही नाही, पण घरात मराठी टिकली आहे, आणि तिच्यात निम्मं कन्नड मिसळलं आहे. त्या दोन भाषांच्या जोरावर मला ती नोकरी लागली. आमचे साहेब पुण्याचे. बेंगळुरूला येऊन त्यांना दीड वर्ष झालं होतं. मी 'थोडं थांबा'ऐवजी कन्नड वळणानं 'स्वल्प थांबा' म्हणाले की ते टेबलावर हात आपटून हसत, शेजारच्या खोलीतून दोघातिघांना बोलावत आणि मला पुन्हा म्हणायला लावत. माझी मराठी फार क्यूट आहे असं त्यांचं मत होतं. मी पुन्हा म्हणून दाखवायचे. पगाराची नोकरी होती आणि घरात दोन लग्नं व्हायची होती, हे खरं असलं तरी म्हणून दाखवायचे हेही खरंच.

त्या वर्षी काम गोवराचं होतं. येलहंकाच्या पलीकडे उत्तरेला सात लहान गावं होती, तिथे मुलांना गोवराची लस टोचायची होती. तिकडे गोवर आला की अम्मा आली म्हणतात. दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधतात आणि देवी आपणहून जाईपर्यंत औषधपाणी करत नाहीत. लस टोचायची ती अम्मा येण्याआधी, आणि धडधाकट मुलाला सुई का टोचायची हे आईला पटत नाही. अडचण खरी होती. भोंगा फिरवून झाला होता, त्याचा उपयोग झाला नव्हता. मग साहेब कुठल्याशा परिसंवादाला गेले आणि एक कल्पना घेऊन आले. लोकांना ओळखीच्या तोंडून सांगा, त्यांच्याच कलेतून सांगा. ही कल्पना चांगली होती. माझा राग त्याचाच आहे. कल्पना फालतू असती तर चार दिवसांत आपोआप मेली असती.

त्या भागात पहाटे दारोदार बुडबुडके येतात. महाराष्ट्रात पिंगळा येतो तोच प्रकार. डोक्याला मुंडासं, अंगात कोट, खांद्याला झोळी, हातात डमरूसारखं इवलंसं वाद्य. ते वाजवत अंगणात उभं राहायचं आणि पहाटे पिंगळा पक्षी काय बोलला ते घरच्यांना सांगायचं. त्या पक्ष्याला इकडे हालक्की म्हणतात. हालक्की बोलली, चांगलं बोलली, तुमच्या घरी पाळणा हलेल. किंवा वाईट बोलली, बैलाला जपा. घरची बाई सुपातून नाचणी आणते, झोळीत टाकते. कुणाचं कोणतं गाव हे त्यांच्यात पिढ्यांपासून वाटून दिलेलं असतं. एकाच्या गावात दुसरा पाऊल टाकत नाही. हे लोक बाहेर कन्नड बोलतात आणि घरात एक प्रकारची मराठी. म्हणून साहेबांनी मला पाठवलं. ते म्हणाले, तुझ्यासारखंच बोलतात ते.

येलहंकाच्या रेल्वे रुळांपलीकडे त्यांची वस्ती होती. ती सात गावं ज्याच्या वाट्याची होती तो पन्नाशीचा, काटकुळा, डोळे बारीक करून बघणारा माणूस. माझी मराठी ऐकून तो हसला नाही. कुठल्या घरची, असं विचारलं, मी सांगितलं, आणि त्यानं बसायला फळकूट पुढे केलं. मला अक्का म्हणाला. माझ्या बापाच्या वयाचा माणूस.

कशासाठी आले ते मी सांगितलं. अमुक सोमवारी शाळेजवळच्या वडाखाली लसीची गाडी येणार, नऊ महिन्यांवरच्या मुलांना घेऊन या, एवढं त्यानं पहाटेच्या फेरीत घरोघर सांगायचं. ऑफिस मोबदला देईल. आम्ही त्याची फिल्म काढू. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि नको म्हणाला. त्याचं म्हणणं असं, की आपण मनचं काही सांगत नाही. पक्षी बोलतो ते सांगतो. गाडीचं पक्षी काही बोललेला नाही.

मी त्याला दोन तास पटवलं. माझ्या आयुष्यात मी इतकं गोड क्वचित बोलले असेन. मुलांच्या भल्याचं आहे, म्हणाले. हालक्कीलाही मुलं जगावीत असंच वाटत असेल, असंसुद्धा म्हणाले, आणि ते बोलताना मला स्वतःचा जराही संशय आला नाही. त्याची एक नात गोवरात गेली होती. ते त्यानं मध्येच सांगितलं, आवाज न बदलता. मग बराच वेळ तो नखानं जमीन उकरत राहिला.

"गाडी येती का पक्की?" त्यानं विचारलं. "सात गावं माझ्या आज्यापासनं हाईत. माझ्या तोंडातनं खोटं निघालं तर दारात कोण हुबं करील?"

"येईल," मी म्हणाले. "माझा शब्द."

"ऑफिसचा नगं. तुमचा?"

"माझाच म्हणतेय ना."

तो सरी म्हणाला. ठीक. व्यवहार झाला असं मला वाटलं आणि मी खुशीत बस पकडली.

आता कोटाचं सांगते. त्याचा कोट म्हणजे मूळ कापड कुठलं होतं ते ओळखू येऊ नये इतक्या तुकड्यांचा होता. साडीचे काठ, धोतराचे पट्टे, परकराचा छिटाचा तुकडा, कुणाच्या लग्नातल्या जरीची पट्टी. ते तुकडे त्या सात गावांनी दिलेले होते. सांगितलेलं खरं ठरलं, घरात मूल झालं, हरवलेलं जनावर सापडलं, की त्या घरची बाई आपल्या कपड्याचा तुकडा स्वतःच्या हातानं कोटाला शिवून देई. पहाटेच्या अर्ध्या उजेडात बायका आधी कोट बघत, आपला तुकडा ओळखत आणि मग दार पुरतं उघडत. हे सगळं मला नंतर कळलं. नंतर का, तर आधी मी विचारलं नाही.

फिल्मच्या आधी साहेबांनी त्याला ऑफिसात बोलावून पाहिलं आणि कोटाला नाक मुरडलं. कॅमेऱ्यात हे गचाळ दिसेल, व्हिज्युअली काही हाती लागणार नाही, कलरफुल काहीतरी हवं, असं त्यांचं म्हणणं पडलं. मला चिकपेटला पिटाळलं. माझ्याच गल्लीच्या तोंडाशी मी लाल, पिवळं आणि मोरपंखी सॅटिन घेतलं, तेही निवडून, चमक बघून. मापाला म्हणून त्याचा कोट मागून घेतला आणि कोट नि सॅटिन अण्णांपुढे टाकलं.

अण्णांनी कोट हातात घेऊन उलटा केला. आतली शिवण बघितली. बराच वेळ बघितली. हे वीसबावीस हातांनी शिवलंय, म्हणाले, प्रत्येकाचा टाका वेगळा आहे. मग मला विचारलं, हे काढून सॅटिन घाल असं सांगणारा शहाणा कोण? मी म्हणाले, साहेब. अण्णांनी दुपारपर्यंत नवा कोट शिवून दिला, कारण गिऱ्हाईक परत पाठवायची त्यांना सवय नव्हती. पण जुना कोट त्यांनी स्वतः घडी करून कागदात बांधला आणि मला हात लावू दिला नाही. ते पुडकं मी तसंच त्याला नेऊन दिलं.

ठरल्या गुरुवारी पहाटे आम्ही जीपमधून पहिल्या गावात उतरलो. सॅटिनच्या कोटातल्या त्याला बघून गावची कुत्री मागे लागली. रोज त्याच्यामागे शेपूट हलवत येणारी कुत्री, ती त्याच्यावर धावून गेली. पहिल्या दारातली बाई बाहेरच येईना. आवाजावरून तिनं ओळखलं तेव्हा दार किलकिलं केलं आणि कन्नडमध्ये विचारलं, हे कुणाचं कापड घातलंयस?  त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं.

मग त्यानं सांगितलं. हालक्की बोलली, चांगलं बोलली, सोमवारी वडाखाली गाडी येईल, लेकरांना घेऊन जा, अम्माचा कोप व्हायचा नाही. चांगला आवाज होता त्याचा. बाईनं सूप आणलं. कॅमेरावाला म्हणाला, उजेड कमी आहे, परत घ्या. परत घेतलं. साहेब म्हणाले, बाईंनी स्वल्प हसावं. माझ्याकडे बघून डोळा मिचकावून त्यांनी तो शब्द वापरला. परत घेतलं. असं एकाच दारात पाच वेळा पक्षी तेच बोलला आणि पाच वेळा त्या बाईनं सुपातली नाचणी झोळीत टाकली, आमच्या माणसानं प्रत्येक वेळी ती झोळीतून काढून सुपात परत घातली. कुंपणाला सगळं गाव उभं होतं. हसत होतं, आणि ते हसणं चांगलं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या त्या दारात एकदाच बोलली जाणारी गोष्ट आम्ही नाटकाच्या तालमीसारखी घोकून घेतली. बाकीच्या गावांत कॅमेरा नव्हता. तिथे तो एकटा फिरला, नवा कोट काढून, जुना घालून. तीन दिवसांत सातही गावं केली त्यानं. काम चोख होतं त्याचं.

मधल्या शुक्रवारी दुपारी आरोग्य खात्यातून ऑफिसला फोन आला. लस ठेवायचा मोठा फ्रिज बिघडला होता, गाडी पुढे ढकलली होती, नवी तारीख कळवू म्हणाले. फोन मीच घेतला. मी साहेबांकडे गेले आणि म्हणाले, जीप द्या, गावांत सांगून येते. साहेब खुर्चीत मागे रेलले. त्यांचे शब्द मला पाठ आहेत.

"अगं, शूट झालंय ना आपलं? गाडी आपलं डिपार्टमेंट नाही. आपण मेसेज दिला, मेसेज पोचला."

जीप मिळाली नाही. इथवरचं सगळं मी कितीदा तरी लोकांना सांगितलं आहे आणि लोकांनी साहेबांना शिव्या दिल्या आहेत. पुढचं सांगत नसे. शनिवारी सुट्टी होती. चिकपेटहून येलहंकाची बस मिळते, तिथून पुढे चार कोसांवर पहिलं गाव. त्याच्या वस्तीवर तर मला बसनं दीड तासात जाता आलं असतं. त्याला सांगितलं असतं तर तो रविवारी पहाटे सगळीकडे नाही तरी तीन गावांत फिरला असता. मी गेले नाही. शनिवारी आमच्याकडे बहिणीला बघायला पाहुणे येणार होते आणि मी होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, लाटत होते. जायचं असतं तर गेले असते. गाडी एखादे वेळी येईलही, असं मी मनाशी म्हणत होते, आणि फोन मीच घेतला होता.

सोमवारी सात गावच्या बायका वडाखाली येऊन बसल्या. त्या भागात घरोघर रेशमाचे किडे पाळतात. त्यांना दिवसातून चारपाच वेळा तुतीचा पाला चिरून घालावा लागतो, एक वेळ चुकली तरी पीक बुडतं. पाल्याची वेळ टाळून, पोरं कडेवर घेऊन त्या आल्या आणि दुपार टळेपर्यंत बसून राहिल्या. बुडबुडकाही तिथेच उभा होता. ऊन कललं तेव्हा बायका एकेक करून उठल्या. हे मला नंतर त्यानंच सांगितलं.

गाडीची नवी तारीख कधी आलीच नाही. निदान आमच्या ऑफिसला कुणी कळवली नाही, आणि आम्हीही विचारली नाही. फिल्मचं काम जोरात चाललं होतं. ती एका मोठ्या हॉटेलच्या हॉलमध्ये दाखवली, तिला मानचिन्ह मिळालं. पडद्यावर सॅटिनच्या कोटातला माणूस म्हणत होता की सोमवारी गाडी येईल, आणि हॉलमधले लोक टाळ्या वाजवत होते. गाडी आली का, असं एकानंही विचारलं नाही. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. मीही टाळ्या वाजवल्या. साहेब बघत होते.

उन्हाळ्यात त्या गावांत अम्मा आली.

मला ते कळलं वैशाखात, तो आमच्या दारात आला तेव्हा. पहाट नव्हती, सकाळचे नऊ वाजले होते, अण्णा दुकानाच्या फळ्या काढत होते. वाद्य झोळीत होतं. अंगात जुना कोट होता आणि कोटाला भोकं पडली होती. फाटलेली नव्हेत, टाके नीट उसवून तुकडे काढलेले दिसत होते. खांद्यावर, पाठीवर, दोन छातीवर. आत त्याचा मळका सदरा दिसत होता. अण्णांनी कोटाकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं, आणि आत निघून गेले.

त्यानं उभ्यानंच सांगितलं. बायकांनी आपापले तुकडे परत मागितले होते. भांडल्या नाहीत, मारलं नाही, नुसते परत मागितले, आणि त्यानं तिथेच दारात बसून ते उसवून दिले. ज्या पहिल्या दारात फिल्म काढली त्या घरच्या तीन वर्षांच्या मुलीला अम्मा येऊन गेली होती. मुलगी वाचली, पण डाव्या डोळ्यात फूल पडलं. दोन महिने झाले होते, सात गावांत कुणी दार उघडत नव्हतं. बायको यशवंतपूरच्या बाजारात सांडलेले कांदे वेचायला जात होती.

मी पैसे देऊ केले. त्याहून मूर्खपणाचं काही त्या क्षणी मला सुचलं नसतं. त्यानं पैशांकडे बघितलंही नाही.

"अक्का, तुमी चला," तो म्हणाला. "दारोदार सांगा. खोटं हालक्कीचं न्हवतं, तुमचं व्हतं."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला कळवलं नाही आणि पहिली बस पकडली. आमच्या ऑफिसातल्या बायकांचा एक ठरलेला पेहराव असे, हातमागाच्या जाड सुती साड्या, खेड्यात गेलं की साधं दिसावं म्हणून. मी पिवळी नेसले होते, काठ हिरवा. तो रुळांजवळ उभा होता. 

पहिल्याच दारात ती बाई तुतीचा पाला चिरत बसली होती. मुलगी उंबऱ्यावर होती. तिनं मान वाकडी करून चांगल्या डोळ्यानं माझ्याकडे बघितलं, आणि मी काय बोलणार होते ते सगळं विसरले. तरी बोलले. कन्नडमध्ये बोलले. गाडी येणार हे ह्याला मी सांगितलं, पक्ष्यानं नाही. गाडी येणार नाही हे मला शुक्रवारीच कळलं होतं. मी सांगायला यायला हवं होतं, आले नाही.

बाईनं माझ्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे बघितलं.

"कॅमेरा एल्लि?" कॅमेरा कुठे, असं तिनं विचारलं.

कॅमेरा नाही, मी म्हणाले. तिला ते खरं वाटलं नसावं, कारण तिनं उठून कुंपणाबाहेर डोकावून बघितलं. मग ती त्याच्याकडे वळली.

"तुला हालक्कीनं सांगितलं होतं?"

"नाही," तो म्हणाला.

"मग तिचं नाव घेऊन का बोललास?"

 उत्तर माझ्याकडे होतं, दोन तास गोड बोलले होते ते, पण तेवढं मी पोटात ठेवलं.  मग बाई पाला चिरायचा विळा हातात घेऊन माझ्याजवळ आली.   तिनं माझा पदर धरला, टोकाला ओढून ताणला आणि तळहाताएवढा तुकडा काठासकट कापून घेतला. तो त्याच्या हातावर ठेवला.

"हा लाव," ती म्हणाली. "पाठीवर नको, पुढे लाव. कुणाचा म्हणून विचारलं तर सांग, गाडी येणार म्हणाली तिचा."

तो उंबऱ्याशी बसला. मुंडाशात खोचलेली सुई काढली आणि छातीवरच्या भोकावर तुकडा शिवायला लागला. त्याचे टाके तिरपे पडत होते. शिंप्याच्या मुलीला ते बघवेना, मी हात पुढे केला, म्हणाले, मी शिवते.

"नगं," तो म्हणाला. "तुमच्या हातचं नगं."

शिवून झाल्यावर त्या बाईनं त्याला उद्यापासून ये म्हणून सांगितलं, हालक्की बोलेल तेवढंच बोल म्हणाली. स्वतःचा तुकडा मात्र तिनं परत दिला नाही. मुलीला उचललं आणि आत गेली.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आम्ही सातही गावं केली. तिसऱ्या गावापर्यंत मी प्रत्येक दारात माझं बोलणं बोलून दाखवत होते. पुढे बातमी आमच्या आधी पोचायला लागली. सातव्या गावात मला काहीच बोलावं लागलं नाही. बायका दारात येत, त्याच्या छातीवरचा पिवळा तुकडा बघत, मग माझा कापलेला पदर बघत. त्याच्या झोळीत मूठभर नाचणी टाकत, आणि माझ्या तोंडावर दार लावून घेत.